एकच गोळी, एकच संधी : एकबारी रायफलीची कहाणी

एका वेळी एकच काडतूस भरता येणारी रायफल आज शिकारीतील संयमाचे प्रतीक मानली जाते. मात्र याच हत्याराने एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरून बायसनचे कळप जवळजवळ पुसून टाकले. या रायफलीची रचना, तिच्या भोवती उभा राहिलेला व्यापार आणि त्यातून उरलेला धडा यांचा हा आढावा.

उत्तर अमेरिकेत १ जानेवारी १८८९ रोजी किती बायसन जिवंत आहेत, याची मोजदाद विल्यम हॉर्नडे यांनी केली. हॉर्नडे हे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात मृत प्राण्यांमध्ये पेंढा भरून त्यांचे नमुने तयार करणारे प्रमुख होते. १८७६ ते १८७९ या काळात भारत, सिलोन, मलाया आणि बोर्निओच्या जंगलांत संग्रहालयांसाठी प्राणी मिळवत ते हिंडले होते. मृत जनावरांशीच ज्यांचा धंदा जोडलेला, अशा या गृहस्थांनाही मोजणीचा आकडा पाहून धक्का बसला. पाळलेले २५६, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आश्रयाला असलेले अंदाजे २०० आणि रानात मोकळे उरलेले ६३५, असे सारे मिळून १,०९१ बायसन शिल्लक होते. रानातल्यांपैकीही बहुतेक सगळे कॅनडात होते.

गोरे लोक त्या खंडात पोहोचण्यापूर्वी ही संख्या तीन ते सहा कोटींच्या दरम्यान असावी, असा अंदाज पूर्वीपासून मांडला जातो. आकड्यांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. ऱ्हासाच्या वेगाबाबत मात्र दुमत नाही. अखेरचा आणि सर्वात मोठा घाव १८७१ ते १८८३ या अवघ्या बारा वर्षांत बसला. तो घालणाऱ्यांच्या हातात बहुतांशी एकबारी रायफल होती.

हा प्राणी आपल्याकडच्या गव्याहून वेगळा आहे. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला 'इंडियन बायसन' म्हटले आणि ते नाव रुळले. राधानगरीचे अभयारण्य १९५८ मध्ये जाहीर झाले तेही 'दाजीपूर बायसन अभयारण्य' या नावानेच. अमेरिकेचा खरा बायसन केसाळ, मोठ्या डोक्याचा आणि खांद्यावर उंच मदार असलेला असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ९०० किलोच्या घरात जाते आणि खांद्याशी उंची सहा फुटांपर्यंत भरते. इतक्या दांडग्या जनावराला एका गोळीत पाडायचे, तर गोळी जड हवी आणि ती झेपणारे हत्यार मजबूत हवे.

एकबारी म्हणजे काय?

एकनळी आणि एकबारी या दोन शब्दांत गल्लत होऊ नये. एकनळी बंदुकीलाही पाच-सहा काडतुसांची पेटी असू शकते. एकबारी रायफलीत पेटी नसते. नळीच्या मागच्या तोंडातून हाताने एक काडतूस आत सरकवायचे, तोंड बंद करायचे, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. दुसरा बार काढायचा तर रिकामे काडतूस बाहेर काढून सगळी क्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. सरावलेल्या हाताला त्यासाठी काही सेकंद पुरतात. पण जखमी जनावर अंगावर येत असेल, तर तेवढे सेकंदही फार असतात.

तिच्या आधीची पिढी ठासणीच्या बंदुकांची. त्यात दारू आणि गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून गजाने ठासावी लागे. गडचिरोलीच्या बातम्यांत वारंवार येणारी 'भरमार' ही त्याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नळी मागून भरण्याची सोय झाली आणि धातूचे काडतूस आले. त्यामुळे बंदूक पावसात निकामी होईना आणि शिकाऱ्याला आडवे पडूनही ती भरता येऊ लागली.

एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली तेव्हाही होत्या. १८६० ची हेन्री आणि १८७३ ची विंचेस्टर ही त्यांतली गाजलेली नावे. पण त्यांची यंत्रणा नाजूक असल्याने काडतूस पिस्तुलाच्या मापाचेच वापरावे लागे. १८७३ च्या विंचेस्टरची गोळी जेमतेम १३ ग्रॅमची होती. हरणासाठी ती पुरे. दोन-तीनशे यार्डांवरच्या बायसनच्या फुप्फुसापर्यंत ती पोहोचेल याची खात्री नव्हती. एकबारी रायफलीत मात्र नळीमागे घडीव पोलादाचा भक्कम ठोकळा असे आणि दारूचा मोठा दाब तो सहन करी. पेटी आणि मागेपुढे सरकणारे भाग नसल्याने तेवढ्याच लांबीच्या हत्यारात नळी अधिक लांब बसवता येई. हळू चालणारे हे हत्यार त्या काळातले सर्वात ताकदवान ठरले, त्याचे कारण हे.

शार्प्सची रायफल

या घराण्यातले सर्वात प्रसिद्ध नाव शार्प्सचे. ख्रिश्चन शार्प्स या अमेरिकी कारागिराने १८४८ मध्ये आपल्या यंत्रणेचे पेटंट घेतले. चापाखालची कडी खाली ओढली, की नळीमागचा ठोकळा उभ्या खाचेतून खाली सरकतो आणि नळीचे तोंड उघडते. काडतूस आत घालून कडी वर घेतली, की ठोकळा पुन्हा जागेवर बसतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात या बंदुका सैन्यात होत्याच. युद्धानंतर त्या धातूच्या काडतुसासाठी बदलल्या गेल्या आणि पश्चिमेकडच्या शिकाऱ्यांच्या हाती आल्या. रेमिंग्टन कंपनीची 'रोलिंग ब्लॉक' ही एकबारी रायफल तिची मोठी प्रतिस्पर्धी होती.

शार्प्सचे १८७२ मध्ये आलेले .५०-९० हे काडतूस खास बायसनसाठीच बनले. नावातला पहिला आकडा नळीचा व्यास सांगतो : अर्धा इंच. दुसरा आकडा दारूच्या वजनाचा : ९० ग्रेन, म्हणजे सुमारे ५.८ ग्रॅम. शिशाची गोळी ३० ग्रॅमच्या आसपास भरे. आजच्या मानाने तिचा वेग फारसा नव्हता. सेकंदाला सुमारे ४०० मीटर. पण वजनामुळे ती खोलवर शिरे. वेग कमी असल्याने लांब अंतरावर गोळी बरीच खाली येई. म्हणून शिकाऱ्याला अंतराचा अचूक अंदाज असावा लागे आणि दस्त्यामागची उंच-सखल करता येणारी खूण त्या अंदाजाने लावावी लागे. रायफलीचे वजन सहा-सात किलो असे. तिला टेकू म्हणून दोन काठ्या फुलीसारख्या बांधून जमिनीत रोवत.

काडतुसे महाग आणि दुकाने दूर, म्हणून शिकारी रात्री शेकोटीपाशी शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओतत आणि रिकामी काडतुसे पुन्हा भरत. गोळी वाया घालवणे कुणाला परवडत नसे. एकबारी रायफलीची काटकसर अशी व्यवहारातून आली होती. सावजाविषयीच्या दयेशी तिचा संबंध नव्हता.

चामड्याची मागणी

बायसनची शिकार हजारो वर्षांपासून होत होती. कोमांची, कायोवा, शायान, लाकोटा या मैदानी जमातींचे अन्न, तंबू, पांघरूण आणि हत्यारे याच प्राण्यापासून येत. केसाळ पांघरुणांचा व्यापारही जुना होता. घोड्यांची वाढलेली संख्या, दुष्काळ आणि गुराढोरांचे रोग यांमुळे कळप आधीच काहीसे घटले असावेत, असे अलीकडचे इतिहासकार सांगतात.

१८७१ च्या सुमारास चित्र पालटले. बायसनची जाड, सच्छिद्र कातडी कमावून तिचे टिकाऊ चामडे करण्याची रीत कारखानदारांना साधली. वाफेवर चालणाऱ्या यंत्रांना पट्टे लागत होते आणि हे चामडे त्यासाठी उत्तम ठरले. जोसाया राइट मूअर या विशीतल्या तरुणाने कॅन्सासमधून आपल्या भावाकडे न्यूयॉर्कला नमुन्यादाखल कातडी पाठवली आणि लगेच मागणी आली. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८७२ मध्ये, रेल्वे डॉज सिटीला पोहोचली. बाजार, वाहतूक आणि हत्यार तिन्ही एकत्र आले.

हॉर्नडे यांनी दिलेल्या हिशेबानुसार १८७२ ते १८७४ या तीन वर्षांत दक्षिणेकडच्या कळपातील १३ लाख ७८ हजार कातडी रेल्वेने रवाना झाली. गोऱ्या व्यावसायिक शिकाऱ्यांनी प्रत्यक्षात मारलेल्या जनावरांची संख्या मात्र ३१ लाखांवर जाते. तफावत जखमी होऊन दूर जाऊन मेलेल्या, नीट न सोललेल्या आणि सडून गेलेल्या कातड्यांची आहे. मांस बहुतेक तिथेच पडून राही. एका कातड्याला एक ते तीन डॉलर मिळत. 'एक गोळी, एक सावज' ही म्हण ऐकायला रुबाबदार असली, तरी हिशेब असा होता.

कळप जागीच थोपवण्याची युक्ती

घोड्यावरून कळपाचा पाठलाग करणे हे धाडसी काम असले, तरी धंद्याच्या दृष्टीने ते तोट्याचे होते. मेलेली जनावरे मैलोन् मैल विखुरली जात आणि सोलणाऱ्यांना गाडी घेऊन फिरावे लागे. म्हणून शिकाऱ्यांनी वेगळी रीत काढली. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, गवतातून सरपटत, दोन-तीनशे यार्डांवर जाऊन बसायचे. कळपाची पुढारीण बहुधा एखादी वयस्क मादी असे. तिच्या फुप्फुसात पहिली गोळी घालायची. ती पळत नसे. रक्त ओकत जागीच डोलत राही. बाकीची जनावरे हुंगत तिच्याभोवती गोळा होत. मग दुसरे जे जनावर कळप घेऊन निघण्याच्या बेतात दिसेल, त्याच्यावर नेम. अशा रीतीने कळप जागेवर खिळून राहिला, की त्याला शिकारी 'स्टँड' म्हणत.

यात घाई करून चालत नसे. भराभर गोळ्या झाडल्या तर कळप बुजे, शिवाय नळी तापून नेम बिघडे. त्यामुळे मिनिटाला एक-दोन बार हाच वेग सोयीचा होता आणि तेवढ्यासाठी एकबारी रायफल पुरेशी होती. अनेक शिकारी दोन रायफली बाळगत. एक निवत असताना दुसरी चालवत. एका जागी बसून पन्नास-पन्नास, कधी शंभर जनावरे पाडल्याच्या आठवणी या शिकाऱ्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आपण आयुष्यात वीस हजारांहून अधिक बायसन मारल्याचे मूअरनेच पुढे सांगितले. संथ हत्यारामुळे शिकार मर्यादित राहते हा समज या एका आकड्यापुढे टिकत नाही.

करारातील एक अट

१८६७ च्या मेडिसिन लॉज करारांनी दक्षिणेकडच्या जमातींना राखीव प्रदेशात ढकलले. पण आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला शिकारीचा हक्क त्यांच्याकडे ठेवला. हा हक्क किती काळ? पाठलाग करण्याइतके बायसन तिथे असतील तोवर. म्हणजे बायसन संपले, की हक्कही संपणार होता. कॅन्सासमधले कळप आटताच कातड्याचे शिकारी नदी ओलांडून दक्षिणेला उतरले आणि सैन्याने त्यांना अडवले नाही.

टेक्सासमधील अडोब वॉल्स येथे या शिकाऱ्यांनी ठाणे उभारले होते. २७ जून १८७४ च्या पहाटे कोमांची, शायान आणि कायोवा योद्ध्यांनी त्यावर हल्ला चढवला. त्यांच्या नेत्यांत क्वाना पार्कर हा तरुण कोमांची होता. आत २८ पुरुष आणि एक स्त्री. बाहेर काही शे घोडेस्वार. मातीच्या भिंतींआडून चाललेल्या लांब पल्ल्याच्या रायफलींपुढे हल्ला मोडला. तिसऱ्या दिवशी बिली डिक्सन याने उसन्या घेतलेल्या शार्प्सने दूरच्या टेकाडावरील एका स्वाराला खाली पाडले. ते अंतर पुढे १,५३८ यार्ड, म्हणजे १,४०० मीटर, सांगितले गेले. आकड्याविषयी वाद आहे. खुद्द डिक्सननेही तो नशिबाने लागलेला नेम मानला.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बायसनच्या माद्या मारण्यावर निर्बंध घालणारे विधेयक मंजूर केले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर स्वाक्षरी केली नाही आणि ते बारगळले. बायसन नाहीसे झाले तर जमाती राखीव प्रदेशात राहायला लवकर तयार होतील, हे मत गृहखात्याचे मंत्री कोलंबस डेलानो यांनी लपवलेही नव्हते. जून १८७५ मध्ये क्वाना पार्करने आपल्या लोकांसह शरणागती पत्करली. उत्तरेकडचा कळप त्यानंतर नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या आगमनाने संपला. १८८३ च्या शरद ऋतूत मोंटानातील शिकारी नेहमीप्रमाणे सामानसुमान घेऊन निघाले आणि त्यांना मारायला कळपच सापडला नाही. शार्प्स कंपनीचे उत्पादन १८८१ मध्येच थांबले होते. मैदानावर उरली ती हाडे. तीही खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी गाड्या भरभरून नेली गेली.

आफ्रिका आणि हिंदुस्थान

ज्या प्रदेशांत सावज उलटून अंगावर येई, तिथे एकबारी हत्याराची कसोटी वेगळी होती. फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज तरुण १८७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरला आणि ठासणीच्या दोन स्वस्त 'फोर बोअर' बंदुकांवर त्याने हत्तींची शिकार केली. एका पौंडात चार गोळ्या बसत. म्हणजे एकेक गोळी ११३ ग्रॅमची. बंदुकीचा धक्का असा जबरदस्त, की त्याने आपला नेम कायमचा बिघडला, असे सेलूसला वाटे. पुढे त्याने फार्करसन बनावटीची रायफल पसंत केली. जॉन फार्करसन या स्कॉटिश माणसाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही एकबारी रचना तिच्या प्रकारातली सर्वात देखणी आणि मजबूत मानली जाते.

तरीही हत्ती, रानरेडा किंवा वाघ यांच्यासाठी ऐपत असलेला शिकारी दुनळी रायफलच घेई. दुसरी गोळी तयार असणे हा तिथे जिवाचा प्रश्न होता. हिंदुस्थानातील संस्थानिक आणि साहेब लोकांचा कल म्हणूनच दुनळीकडे राहिला. एकबारी रायफल इथे आली ती मुख्यतः सैन्याच्या मार्टिनी-हेन्रीच्या रूपात. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या या रायफलीच्या घराण्यातली एक .४५० मार्टिनी नैनितालच्या एका शाळकरी मुलाला कॅडेट पथकाच्या सार्जंट-मेजरने वापरायला दिली. तिने त्या मुलाने बिबट्यावर गोळी झाडली आणि जखमी जनावराचा माग काढत जाण्याची वेळ त्याच्यावर आली. तो मुलगा म्हणजे जिम कॉर्बेट. हा प्रसंग त्यांनी 'जंगल लोअर' या पुस्तकात नोंदवला आहे.

अस्त आणि पुनरागमन

१८८० च्या दशकात एकबारी रायफलीचे तांत्रिक श्रेष्ठत्व ओसरू लागले. जॉन ब्राउनिंगची एकबारी रचना विंचेस्टरने विकत घेऊन १८८५ मध्ये बाजारात आणली. पण त्याच ब्राउनिंगच्या यंत्रणेवर बनलेली १८८६ ची विंचेस्टर मोठी काडतुसे एकामागून एक झाडू शकत होती. १८८६ मध्येच फ्रान्समध्ये धूर न होणारी दारू आली. छोटी, वेगवान गोळी आणि पाच काडतुसांची पेटी असलेल्या माउझर पद्धतीच्या रायफलींनी पुढच्या काही वर्षांत मैदान मारले.

पुनरागमन झाले ते १९६७ मध्ये. अमेरिकेच्या रुगर कंपनीने फार्करसनच्या धर्तीवर 'नंबर वन' ही एकबारी रायफल काढली आणि गरज संपलेल्या हत्याराला हौसेचा ग्राहक मिळाला. युरोपात आल्प्सच्या कड्यांवर शॅमॉय टिपणारे शिकारी हलकी, मोडून भरायची एकबारी रायफल नेतात. शार्प्सच्या हुबेहूब प्रतिकृती इटलीत आणि मोंटानात बनतात. १९९० च्या 'क्विग्ली डाउन अंडर' या चित्रपटाने त्यांची मागणी वाढवली.

या हौशी मंडळींचा युक्तिवाद असा : एकच गोळी आहे म्हटले, की शिकारी जवळ जातो, थांबतो, खात्री नसेल तर चाप ओढत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे, की पहिला नेम चुकला तर जनावर जखमी अवस्थेत तडफडत राहते आणि दुसरी गोळी वेळेवर मिळत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण बायसनचा इतिहास दोघांनाही एक गोष्ट सांगतो. त्या शिकाऱ्यांकडे संयम होता, नेम होता, एकच गोळी होती. नव्हती ती मर्यादा : किती मारायचे, कोणते मारायचे, कधी थांबायचे, हे सांगणारा कायदा नव्हता आणि जो होऊ घातला होता तो अडवला गेला.

मर्यादा आली ती उशिरा. मार्च १८९४ मध्ये यलोस्टोनमध्ये एका चोरट्या शिकाऱ्याला मेलेल्या बायसनसह पकडले गेले. त्याला शिक्षा करण्याची तरतूदच नाही हे उघड झाल्यावर दोन महिन्यांत उद्यानातील वन्यप्राण्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. तरीही १९०२ मध्ये तिथे मोकळे असे केवळ २३ च्या आसपास बायसन उरले होते. आता त्या उद्यानातील कळप काही हजारांचा आहे आणि २०१६ मध्ये बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी म्हणून मान्यता मिळाली. आज युटातील हेन्री पर्वतात बायसनची शिकार होते. पण परवाना सोडतीने आणि आयुष्यात एकदाच. शिकाऱ्याच्या हातात कोणती रायफल आहे, यापेक्षा परवान्यावरचा तो 'एक' आकडा बायसनच्या अधिक कामी येतो. भारताने याहून कडक मार्ग निवडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीला इथे जागा ठेवली नाही.

१९०७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातून १५ बायसन रेल्वेने ओक्लाहोमातील विचिटा पर्वतराजीत पाठवण्यात आले. संग्रहालयाचे संचालक होते १,०९१ चा आकडा मांडणारे हॉर्नडे. तिकडे स्थानकावर त्यांना पाहायला जमलेल्या कोमांची लोकांमध्ये क्वाना पार्कर होता. ज्या रेल्वेने कातडी पूर्वेला नेली, त्याच रेल्वेने पंधरा जनावरे परत आली होती. अडोब वॉल्सच्या लढाईला तेव्हा ३३ वर्षे झाली होती.